जोरात मागू नका, पाळकसाहेब

प्रार्थना चालू असताना पाळकाचे दोन्ही डोळे मिटलेले असतात, असं लोकांना वाटतं. आता मी निवृत्त झालोय, त्यामुळे सांगायला हरकत नाही. माझा डावा डोळा कायम किलकिला असायचा. ह्यात अश्रद्धा नाही, सवय आहे. लोकांच्या घरी जाऊन प्रार्थना करणाऱ्या माणसाला बऱ्याच गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं. आत गॅसवर दूध ठेवलेलं असतं. गुडघे टेकून बसलेल्या आजीबाई हळूहळू पुढे कलायला लागतात. पडेगावला एकदा ‘हे बापा, ह्या घराला सर्व हानीपासून राख’ इतकं म्हणतोय तोवर त्या घरचं कुत्रं माझी चप्पल तोंडात धरून फाटकाबाहेर निघालं. उरलेलं वाक्य मी पळत पळत पूर्ण केलं.

आमच्यात चर्चच्या लोकांना मिळून मंडळी म्हणतात आणि त्यांची काळजी वाहणाऱ्याला पाळक. बाहेरच्यांना वाटतं, ह्या माणसाला आठवड्यातून एक दिवस काम, रविवारी उपदेश केला की झालं. उपदेशाचं काय, तो ऐकताना निम्मे लोक पेंगतात आणि त्यात त्यांचं फार नुकसान होत नाही. खरं काम बाकीच्या दिवशी असतं. दारात येणारा प्रत्येक जण काहीतरी मागणी घेऊन येतो: लग्न जमेना, बदली होईना, बीपी उतरेना. त्यांच्या वतीने मी मागायचं. आणि मिळालं नाही की त्याचा जाब मलाच द्यायचा. डॉक्टरला दुसरी गोळी लिहून देता येते, वकिलाला पुढची तारीख मागता येते. आमच्याकडे एकच गोळी आणि एकच तारीख, ‘प्रभूची वेळ.’ हे दोन शब्द मी आयुष्यभर इतक्यांना दिलेत, की शेवटी शेवटी माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

सगळ्याच प्रार्थना वाया जातात असं नाही. काही अगदी वेळेवर पोचतात आणि तरी उपयोग होत नाही. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पडेगावच्या लोखंडेकाकूंनी एका रविवारी भर उपासनेत उभं राहून विनंती केली, ‘आमच्या गल्लीत लई दिवसांपास्नं पाणी नाय, सगळ्यांनी मागा.’ सगळ्यांनी मनापासून मागितलं. पाणी त्याच वेळी आलं, आम्ही मागत होतो तेव्हाच. पण काकू चर्चमध्ये, काका चर्चमध्ये, सून चर्चमध्ये, तोटी उघडायला घरी कुणीच नाही. उपासना संपवून त्या घरी पोचल्या तेव्हा नळ कोरडा आणि शेजाऱ्यांचे हौद भरलेले. काकू माझ्यावर महिनाभर रागावल्या होत्या. ‘तुमचा उपदेश जरा आखूड असता तर एक टाकी तरी भरली असती,’ म्हणाल्या. आणि उपदेश खरंच लांबला होता.

वेरूळकडचे एक काळे पाटील होते, मोठे शेतकरी, माझे जुने स्नेही. लेकीची बदली अडली तेव्हा ते आधी घृष्णेश्वराला जाऊन आले, मग दर्ग्यात जाऊन आले, मग माझ्या ओसरीवर येऊन बसले.

‘पाळकसाहेब, तुमच्याकडं बी एक अर्जी टाकून ठेवावी म्हणलं. फाईल कोणत्या टेबलावरून निघंल सांगता येत नाय.’

मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. बदली झाली. पाटलांनी तिन्ही ठिकाणी पेढे वाटले आणि मला बजावून सांगितलं, की नेमकं कुणामुळे झालं ह्याची चौकशी ते करणार नाहीत, उगीच कुणाचं मन दुखायला नको.

आता आमच्या मंडळीतली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. खुली प्रार्थना म्हणून एक प्रकार असतो. डोळे मिटून बसायचं आणि ज्याला वाटेल त्याने मोठ्याने प्रार्थना करायची. बोलायचं देवाशी, पण ऐकायला सगळे असतात. आमची माणसं समोरासमोर भांडत नाहीत, ख्रिस्ती माणसाला ते शोभत नाही. म्हणून ती देवामार्फत भांडतात. आमचे जगताप गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, ह्या कलेत फार पुढे गेलेले होते. ‘हे प्रभू, जे उपासनेला उशिरा येतात त्यांना क्षमा कर, विशेषतः जे तिसऱ्या बाकावर बसतात त्यांना.’ लगेच तिसऱ्या बाकावरून आवाज यायचा, ‘हे प्रभू, ज्यांचं ध्यान तुझ्यापेक्षा दुसऱ्याच्या घड्याळावर जास्त असतं त्यांना बी सांभाळ.’ मी मध्ये पडायचो नाही. प्रार्थना संपली की दोघं आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांना ‘सलाम’ करून हात मिळवायचे. मनातलं बोलून झालेलं असायचं आणि भांडण तर झालेलंच नसायचं.

दुसरा प्रकार एकत्र प्रार्थनेचा. त्यात सगळे एकदम, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. नवख्या माणसाला तो नुसता गलका वाटतो. पण एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, त्या गलक्याइतकी खासगी जागा दुसरी नाही. शेजारचा स्वतःच्या मागण्यांत गुंतलेला असतो, तुमचं त्याला ऐकू येत नाही. कुठंच बोलता न येणारी गोष्ट माणूस तिथे मोठ्याने बोलून घेतो. ती प्रार्थना कधी थांबवायची हे मात्र पाळकाच्या हातात असतं. आवाज चढतो, भरतो, मग तीच तीच वाक्यं फिरायला लागतात. तिथे पाळक ‘प्रभूचं गौरव असो’ म्हणतो आणि सगळे एका क्षणात गप्प होतात.

आता रत्नाबाई.

रत्नमाला साळवे, मुकुंदवाडीच्या स्टेशनाजवळ घर. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून सगळी नोकरी झाली. बुटकी, ठाम बाई, कुणालाही इंजेक्शन द्यायच्या आवाजात बोलणार. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. आमच्या पवित्र शास्त्रात हन्ना नावाच्या बाईची गोष्ट आहे. तिलाही मूल नव्हतं. ती मंदिरात नुसते ओठ हलवत रडून मागत होती, तर तिथल्या याजकाला वाटलं, बाई प्यालेली आहे. पुढे तिला मुलगा झाला, शमुवेल. आणि नवस केल्याप्रमाणे दूध तुटल्यावर तिने तो मंदिरात नेऊन देऊन टाकला. रत्नाबाईंना मुलगा झाला तेव्हा त्यांनी नाव शमुवेलच ठेवलं. बारशाला कुणीतरी त्यांना हन्ना म्हणालं, तर त्या फटकन म्हणाल्या, ‘हन्ना हन्ना करू नका. तिनं देऊन टाकलं लेकरू. मी काय देत नसते.’

शमूच्या लहानपणीच त्याचे वडील गेले. आईला पाहून तोही नर्सिंग शिकला आणि खासगी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून लागला. मग त्याच्या डोक्यात जर्मनी शिरली. तिकडे नर्सेस हव्यात, पण आधी जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची. पोरगं ड्यूटी करून क्लासला जायचं, मोटरसायकलवर बसून तोंडातल्या तोंडात जर्मन बोलायचं. पुण्याला परीक्षा होती. आईने घरी प्रार्थना ठेवली, मला बोलावलं.

प्रार्थनेआधी मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो, तर रत्नाबाई मागोमाग आल्या आणि दार लोटून घेतलं.

‘पाळकसाहेब, एक सांगू का? जोरात मागू नका.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मागा. लोकांपुढं मागितल्यावाणी दिसलं पायजे. पण जोर लावू नका.’

‘अहो रत्नाबाई, आवाज कमी केला तर प्रभूला ऐकू येत नाही, असं वाटतं का तुम्हाला?’

‘त्याला मी येगळं सांगितलंय,’ त्या म्हणाल्या आणि मला टॉवेल दिला.

मी ह्या बाईला नाही म्हणू शकत नव्हतो. माझी पत्नी एस्तेर शेवटच्या आजारात होती तेव्हा रत्नाबाईंनी स्वतःची ड्यूटी संपल्यावर तिच्या उशाशी बसून दिवस काढले होते. सगळ्या मंडळीने तिच्यासाठी उपास केले, मी तर माझ्या धंद्यातलं सगळं कसब पणाला लावलं. एस्तेर गेली. मला देवाचा फार राग आला होता, पाळक असून आला होता, आणि अजूनही अधूनमधून येतो. त्या दिवशी कुणी ‘प्रभूची वेळ’ म्हणालं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. रत्नाबाई एवढंच म्हणाल्या, ‘आपण दोघांनी बी मागितलं व्हतं.’ तेवढ्यावर आमची मैत्री पक्की झाली. म्हणून त्या दिवशी मी शमूसाठी मागितलं, पण जोर लावला नाही.

शमू नापास झाला. दुसऱ्यांदा बसला, पुन्हा प्रार्थना, पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा टॉवेल. पुन्हा नापास.

तेव्हा तो माझ्या घरी आला. हेल्मेट काढलं नाही, बसला नाही.

‘पाळकसाहेब, सगळ्यांचं ऐकतो ना तो? लोखंडेकाकूंच्या नळाचं ऐकलं. त्या पाटलाचं ऐकलं. माझंच काय वाकडं हाय?’

मी सवयीने म्हणून गेलो, ‘शमू, प्रभूची वेळ असते बाबा.’

‘वेळ? परीक्षेची वेळ छापलेली व्हती. हॉलतिकिटावर.’

मग जरा शांत होऊन म्हणाला, ‘आता शेवटचं बसतो. ह्या वेळी नाय झालं तर चर्चला येणार नाय. आईला नका सांगू.’

म्हणजे आईचं गुपित लेकाला सांगायचं नाही आणि लेकाचं आईला. एका घरातून एकाच देवाकडे दोन उलट्या मागण्या जात होत्या आणि दोन्हींवर मी ‘आमेन’ म्हणत होतो. का ऐकलं नाही, असं लोक विचारतात. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की बिचाऱ्याने ऐकावं तरी कुणाचं.

तिसऱ्या परीक्षेच्या आधीच्या शनिवारी दुपारी रत्नाबाईंच्या घरी उपास-प्रार्थना झाली. महिला मंडळाच्या बायका, जगताप गुरुजी, शमू आणि त्याच्या दवाखान्यातले दोघं-तिघं, सगळे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले. रत्नाबाई खिडकीशी बसल्या, रुळांच्या बाजूला. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि मी होतो त्यांच्या उजवीकडे. एकत्र प्रार्थना सुरू झाली. आवाज भरत गेला. तेवढ्यात मालगाडी आली. त्या घरात गाडी आली की सगळे आवाज आणखी वर जातात, नाहीतर स्वतःचं स्वतःलाच ऐकू येत नाही. गाडी लांबलचक होती. ती गेली, आवाज पूर्ण भरलेला होता, आणि मी म्हणालो, ‘प्रभूचं गौरव असो.’

सगळे थांबले. रत्नाबाई थांबल्या नाहीत.

‘...जर्मन त्याच्या डोक्यात जाऊ देऊ नको, बापा! मागच्या दोन्ही टायमाला ऐकलंस, आता बी ऐक! नापास कर त्याला!’

मग त्यांनाही ते ऐकू आलं.

इतकी शांतता मी कोणत्याही चर्चमध्ये ऐकलेली नाही. कुणीही डोळे उघडले नाहीत, कारण आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत ही आमची शिस्त. माझा डावा डोळा मात्र उघडा होता. लोखंडेकाकूंनी पदर तोंडात कोंबला होता. जगताप गुरुजींच्या भुवया केसांपर्यंत गेल्या होत्या. शमूने डोळे उघडून आईकडे पाहिलं. रत्नाबाईंनी डोळे असे गच्च मिटले होते, की आता ते जन्मात उघडायचे नाहीत.

मी आमेन म्हणालो असतो तर सगळ्यांना डोळे उघडून एकमेकांकडे बघावं लागलं असतं. मी म्हणालो नाही. पुढं काय करायचं ते मला सुचलेलं नव्हतं, पण आमेन म्हणायचं नाही एवढं नक्की कळलं.

मग शमूने डोळे मिटले.

‘हे प्रभू... माझ्या आईला विचार, तिनं असं का केलं.’

मग खिडकीकडून आवाज आला.

‘प्रभू, त्याला सांग. माझ्या वॉर्डात म्हातारी माणसं मरताना मी बघितलीत. पोरं तिकडं अमेरिकेत, दुबईत. शेवटाला मीच फोन धरून उभी राहायची त्यांच्या तोंडापुढं. ते फोनला हात लावायचे, प्रभू. पोराचा गाल म्हणून. मला तसं मरायचं नाय.’

‘प्रभू, आईला सांग, मी तिला एकटी टाकणार नव्हतो. तिकडं घर बघून तिला न्यायचं ठरवलं व्हतं.’

‘प्रभू, त्याला विचार, मला विचारलं का त्यानं? तिथल्या थंडीत माझे गुडघे राहतेत का?’

कुणीतरी फसकन हसलं. बहुतेक गुरुजी.

‘प्रभू,’ शमू म्हणाला, आणि आता तो रडत होता, ‘मला वाटलं मी ढ हाय. दोनदा नापास झालो तर मला वाटलं, तुझं माझ्यावर ध्यानच नाय. मी जेवलो नाय कितीतरी दिवस.’

‘मला म्हाईत हाय, प्रभू. मी डबा उघडून बघत व्हते ना रोज. तो भरलेलाच परत यायचा. मी बी जेवत नव्हते.’ मग रत्नाबाई थांबल्या, नाक पुसलं, आणि इंजेक्शन द्यायचा तो आवाज परत आला. ‘बापा, माझी आधीची अर्जी मी माघारी घेते. आता तुझी मर्जी. पास केलंस तर रोज फोन करायचा त्याला हुकूम कर. आणि पाळकसाहेबांचा डावा डोळा मगापास्नं उघडा हाय, तो मिटायला सांग. आमेन म्हणा म्हणावं आता, मला चहा ठेवायचाय.’

मी डोळा मिटला आणि आमेन म्हणालो. माझा डोळा उघडा असल्याचं त्यांना कसं दिसलं, हे मी चहा पिताना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नर्सला दोन्ही डोळे मिटून चालत नाय.’

इथे ही गोष्ट संपली असती तर माझ्यासारख्या पाळकाला फार सोयीचं झालं असतं. घरातल्या दोन मागण्या एक झाल्या आणि देवाने लगेच ऐकलं, ह्यावर मी चार रविवार उपदेश केला असता. पण शमू तिसऱ्यांदाही नापास झाला, आणि तेही अगदी थोडक्यात. निकाल मोबाईलवर पाहिला तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. त्याने मान वर केली आणि आईकडे नुसतं पाहिलं.

रत्नाबाईंनी दोन्ही हात वर केले. ‘देवाशपथ, ह्या टायमाला मी नाय!’

शमू हसायला लागला. हसता हसता खाली बसला. मग त्याही हसायला लागल्या आणि मीही. दोन वेळा नापास झाल्यावर जे पोरगं माझ्या दारात हेल्मेट घालून देवाला जाब विचारायला आलं होतं, ते तिसऱ्यांदा नापास होऊन आईच्या मांडीवर डोकं टेकून हसत होतं. पुढच्या रविवारी तो चर्चला आला. शेवटच्या बाकावर बसला, पण आला.

मग का नाही ऐकलं? मला माहीत नाही. हे वाक्य म्हणायला मला निवृत्त व्हावं लागलं. काही प्रार्थना आपणच आतून अडवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एस्तेरसाठी तर घरातून उलटी मागणी कुणाचीच नव्हती. कुणी जोर कमी केला नव्हता. तरीही ती गेली. ह्या दोन गोष्टी एकाच खिशात घालून मी हिंडतो. त्यांचं एकमेकींशी जमत नाही, आणि मी जमवायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

त्यानंतर रत्नाबाईंनी मला प्रार्थनेला बोलावणं बंद केलं आणि स्वतः पुस्तक हातात घेतलं. शमू ड्यूटीवरून आला की त्याला जेवायला वाढायच्या आणि समोर बसून शब्द विचारायच्या. ताप म्हणजे काय, जखम म्हणजे काय, कुठं दुखतंय ते कसं विचारायचं. चुकला की पोळी मिळायची नाही. विचारता विचारता त्यांनाच शब्द पाठ झाले. उपासनेत जगताप गुरुजी खोकले की मागच्या बाकावरून रत्नाबाईंचा दबका आवाज यायचा, ‘हुस्टन.’ म्हणजे जर्मनमध्ये खोकला. गुरुजींनी ह्यावरसुद्धा एकदा खुल्या प्रार्थनेत देवाकडे तक्रार केली.

पुढच्या परीक्षेला शमू पास झाला.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. घरात तिघंच, दारात बॅगा. आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून वडीलधाऱ्याने प्रार्थना करायची पद्धत आहे. मी पुढे झालो तर रत्नाबाई म्हणाल्या, ‘थांबा, मी करते.’ शमू उंच, त्याला चांगलंच वाकावं लागलं. बाहेरून गाडी जात नव्हती, घरात कसलाही आवाज नव्हता. त्यांनी लेकाच्या केसांत हात घातला आणि अगदी स्पष्ट बोलल्या.

‘बापा, ह्याला मी तुझ्यापास्नं मागून घेतला व्हता. हन्नानं दिला तसा मी देत नाय. उसना देते. परत आणून द्यायचा.’

पुढे त्यांना बोलता येईना. आमेन म्हणायचं काम माझ्याकडे आलं. कसाबसा तोंडातल्या तोंडात आमेन म्हणालो.

रत्नाबाईंनी डोळे न उघडताच माझ्या दंडाला धरलं.

‘ह्या वेळी जोरात, पाळकसाहेब,’ त्या म्हणाल्या. ‘जोरात.’